दृष्टी गेलेल्या सासूबाईंना बालगंधर्वला काय काय ऐकवता येईल?

वारज्याची_सून:

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा वेगळा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्या सासूबाई 71 वर्षांच्या. मूळच्या जुन्नर तालुक्यातल्या, ओतूरच्या पलीकडे आमचं गाव. काचबिंदूनं त्यांची नजर हळूहळू गेली. आता उजेड आहे की अंधार, एवढंच कळतं. सासरे गेल्यावर दोन वर्षांपूर्वी त्यांना इकडे पुण्यात घेऊन आलो. गावाकडे विहिरीची वाटसुद्धा त्या पायानं ओळखायच्या. इथे तिसऱ्या मजल्यावर दिवसभर रेडिओ लावून बसतात. आकाशवाणीवर नाट्यगीत लागलं की हातातलं काम थांबतं, मग ती निवडायची मेथी असो नाहीतर जपाची माळ.

मागच्या महिन्यात त्याच म्हणाल्या, "नाटकात माणसं बोलत्यातच ना? मग मला ऐकू येतंय की. ने एकदा." मला इतका आनंद झाला! कुठलं नाटक, कसलं नाटक, काही न बघता बालगंधर्व रंगमंदिरात जे चाललं होतं त्याची तिकिटं काढली. फार्स निघाला. लोक पोट धरून हसत होते आणि त्यांना कळेना कशाला हसताहेत. कोणी तरी पलंगाखाली लपायचं, कोणी दाराआड जायचं. मी कानात सांगत राहिले, तर पुढच्या रांगेतले गृहस्थ वळून म्हणाले, "गप्प बसता येत नसेल तर येता कशाला?" मी गप्प झाले. मध्यंतरात आई म्हणाल्या, "चल घरी. तुझी फुकट दगदग." बसमध्ये माझा हात घट्ट धरून बसल्या होत्या, पण बोलल्या नाहीत.

मला हे इथेच सोडायचं नाही. बालगंधर्वच्या जाहिराती रोज बघते. एकाच रंगमंचावर संगीत नाटक आहे, नाट्यगीतांची मैफल आहे, सुट्टीतली बालनाट्यं आहेत (मुलगी आठ वर्षांची आहे), कथक आहे, ऑर्केस्ट्रा आहे, महिलांसाठी खास लावणी आहे, रहस्यनाटक आहे. आता एप्रिल चालू आहे. जूनअखेरपर्यंत महिन्यातून दोनदा तरी त्यांना न्यायचं ठरवलंय. यातलं नुसत्या कानानं काय पोहोचतं? बसायचं कुठे? आणि शेजारच्याला त्रास न देता त्यांना सांगायचं कसं? कोणाला अनुभव असेल तर कृपया लिहा.

पेठेतला_श्रोता:

ताई, तुम्ही करताय ते मनापासून आवडलं. माझं मत सरळ आहे : संगीत नाटक. दुसरं काही शोधूच नका. गद्य नाटकात निम्मी गोष्ट डोळ्यांसाठी असते. संगीत नाटकात मनातलं सगळं पदात उतरतं. राग आहे, रुसवा आहे, विरह आहे, ते गळ्यातून येतं. आजच्या प्रयोगात मूळची सगळी पदं कोणी घेत नाही, तरी 'सौभद्र'चा प्रयोग लागला तर चुकवू नका. 1882 सालचं नाटक आहे आणि अजून ताजं आहे.

अजून एक. आत नेताना त्यांना त्या वास्तूची गोष्ट सांगा. भूमिपूजन खुद्द बालगंधर्वांच्या हातून झालं होतं, 1962 साली. वास्तू उभी राहीपर्यंत ते राहिले नाहीत, जुलै 1967 मध्ये गेले. पुढच्या वर्षी 26 जूनला, त्यांच्या जन्मदिवशी, रंगमंदिर उघडलं. मी तेव्हा शाळेत होतो. वडिलांनी मला आधी गोपाळ देऊसकरांनी काढलेली त्यांची दोन मोठी तैलचित्रं दाखवली, एक पुरुषवेशातलं आणि एक स्त्रीवेशातलं, आणि विचारलं, "यातला खरा कोणता?" मला उत्तर देता आलं नव्हतं. तुमच्या सासूबाईंना ती चित्रं दिसणार नाहीत, पण हा प्रश्न त्यांना जरूर विचारा.

लावणीच्या वाटेला मात्र जाऊ नका असं सुचवतो. या वयात, त्यात दिसत नाही, बाहेरचा गोंगाट, शिट्ट्या. त्यापेक्षा नारदीय कीर्तनाला न्या.

फूटमाइक:

ताई, मी 24 वर्षं नाटकांचा माइकवाला आहे. नाव या खात्याचं आहे तेच काम : रंगमंचाच्या कडेला फूटमाइक मांडायचे, वर लोंबते माइक बांधायचे आणि मागे टेबलावर बसून आवाज सांभाळायचा. बालगंधर्वला किती प्रयोग केले याची मोजदाद ठेवलेली नाही. तुमचा प्रश्न वाचून रात्री झोप आली नाही, म्हणून सगळंच लिहितो.

पहिल्यांदा एक घटना. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका नाट्यगृहात दुसरा अंक सुरू असताना दिवे गेले. दोन माणसांचा प्रवेश होता, बाप आणि मुलगी. पडदा पाडायचा की नाही ते विंगेत ठरेना, आणि तेवढ्यात त्या दोघांनी बोलणं चालूच ठेवलं. माइक बंद, दिवे बंद. सात-आठ मिनिटं पूर्ण अंधारात प्रवेश झाला. त्याआधी त्या नाटकाचे चाळीसेक प्रयोग मी केले होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा ऐकू आलं की एका वाक्याच्या आधी मुलगी श्वास आत ओढून धरते. बापाच्या चपलेचा आवाज त्या वाक्याला थांबतो. बाकीचे दिवस मी दिव्यात ते बघत होतो, म्हणून ऐकलंच नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक नव्या नाटकाची पहिली दहा मिनिटं मी डोळे मिटून ऐकतो. तेव्हा तुमच्या सासूबाईंचं म्हणणं बरोबर आहे. चुकलं ते नाटक निवडण्यात, आणि बहुतेक जागा निवडण्यातसुद्धा.

जागेचं सांगतो. अगदी पुढे बसू नका, तिथे कडेच्या स्पीकरचा आवाज एका कानावर आदळतो. बाल्कनीच्या छताखाली खोलवरही नको, तिथे आवाज दबतो, अक्षरांच्या कडा बोथट होतात. सहाव्या ते दहाव्या रांगेत, मधल्या भागात, पण वाटेच्या कडेची खुर्ची घ्या. कारण असं की तिथे नटाचा स्वतःचा आवाज स्पीकरच्या जरा आधी किंवा बरोबरीनं पोहोचतो, आणि कान ज्या बाजूनं आवाज आधी आला त्याच बाजूला माणूस उभा आहे असं धरून चालतो. दिसत नसलेल्या माणसाला नट डावीकडून उजवीकडे गेला हे यावरूनच कळतं. हल्ली सगळ्यांच्या कॉलरला माइक लावतात. त्यात शब्द स्वच्छ येतो, पण पाचही माणसं एकाच ठिकाणाहून बोलल्यासारखी वाटतात. त्यामुळे जी मंडळी अजून फूटमाइकवर आणि स्वतःच्या गळ्यावर प्रयोग करतात त्यांची नाटकं आधी निवडा. कसं कळणार? बुकिंगच्या खिडकीवर व्यवस्थापकांचा नंबर मिळतो, सरळ विचारा. माइकचं कोणी विचारलं तर आम्हाला बरं वाटतं.

आता कार्यक्रमांचं.

फार्स सध्या नको, ते तुम्ही भोगलंच आहे. रहस्यनाटकात पार्श्वसंगीत छान असतं, पण शेवटचा उलगडा बहुतेक वेळा काही तरी दाखवून होतो, कपाट उघडतं, फोटो उलटा होतो. तेही बाजूला ठेवा. ऑर्केस्ट्रा त्या रेडिओवर ऐकतातच, फक्त इथे चौपट मोठा. दोन किंवा तीन पात्रांचं कौटुंबिक नाटक बघा, म्हणजे ऐका. आवाज पटकन ओळखीचे होतात. आठ-दहा पात्रं असली की पहिला अंक नुसती ओळखपरेड होते.

संगीत नाटकाबद्दल काकांशी पूर्ण सहमत. ही नाटकं लाउडस्पीकर नव्हता तेव्हाची. शेवटच्या बाकावरच्या माणसापर्यंत गळा पोहोचला पाहिजे या हिशेबानं त्यांची भाषा आणि चाली झाल्यात. फक्त कथा आदल्या दिवशी घरी सांगून ठेवा. नुसती "सुभद्रेचं लग्न" एवढी नाही, कोणत्या प्रवेशात कोण कुठल्या वेषात येतं तेही. वेषांतर डोळ्यांना कळतं, कानाला सांगावं लागतं.

कथक असेल तर जरूर न्या. लोक म्हणतील, आंधळ्या माणसाला नाच? पण कथकमध्ये बोल आधी तोंडानं म्हणतात आणि मग तेच पायानं वाजवतात. रंगमंचाची फळी आणि अनवाणी टाच, दोन्ही ऐकू येतात. मी तिथे फळीजवळ वेगळे माइक ठेवतो आणि ते जरा वरच ठेवतो.

बालनाट्याचं तर मी म्हणेन, पहिलं तेच करा. नातीला आजीशेजारी बसवा. बालनाट्यात कोणी कोणाला गप्प करत नाही, तीनशे पोरं एकाच वेळी "मागे बघ, मागे राक्षस आहे!" असं ओरडत असतात. म्हणजे रंगमंचावर काय चाललंय ते सगळं थिएटरच सांगतं. नातीला नुसतं म्हणा, आजीला सांग. तुम्ही मध्ये पडू नका.

आणि लावणी. काकांचा मान ठेवून सांगतो, मला ती यादीत वरची वाटते. एक अट आहे : वादक समोर बसलेले पाहिजेत. बऱ्याच कार्यक्रमांत ट्रॅक वाजतो, त्यात अर्थ नाही. पेटी, तबला, ढोलकी समोर असली की बघा. ढोलकीची एक बाजू टणक, उंच वाजते, दुसऱ्या बाजूला आतून मसाला लावलेला असतो, ती घुमते. त्या दोन्हींच्या मध्ये पायातले चाळ. नर्तकी गिरकी घेताना चाळांचा आवाज कुठून कुठे जातो ते डोळे मिटून ऐका, नकाशा काढता येईल. बैठकीची लावणी मिळाली तर आणखी चांगलं. वाईच्या यमुनाबाई वाईकर बसल्या जागेवरून एकाच ओळीचे इतके अर्थ सांगायच्या की बघण्याची गरज राहू नये.

शेवटी एकच. एखाद्या रविवारी बालगंधर्वला दुपारी साडेबाराला बालनाट्य, संध्याकाळी नाट्यसंगीत आणि रात्री साडेनऊला गद्य नाटक असा बेत असतो. दर वेळी मागचा टेम्पो निघतो, पुढचा लागतो, सेट उतरतो, सेट चढतो, माझे माइक उचलून पुन्हा मांडले जातात. तीच हवा, तीच फळी, पण प्रत्येक खेळाचा आवाज वेगळा. तुमच्या सासूबाईंना हे तीन महिन्यांत मिळालं तर त्यांना ते थिएटर माझ्याइतकं ओळखीचं होईल.

जुन्नरी_माळ:

पेठेतले काका, रागावू नका, पण लावणीचं तुम्ही जे लिहिलंत ते आमच्याकडच्या बाईच्या जागी उभं राहून एकदा बघा. मी नारायणगावची. तमाशातल्या विठाबाई नारायणगावकरांचं गाव. यात्रांच्या सुपाऱ्या घ्यायला फडांच्या राहुट्या आमच्याकडे लागतात. त्या तालुक्यात वाढलेली 71 वर्षांची बाई म्हणजे ढोलकी तिनं लहानपणापासून ऐकलेली आहे. पण तमाशाच्या कनातीत बायकांनी जायचं नाही, ही रीत. माझी आजी यात्रेत बैलगाडीखाली पोरांना निजवायची आणि रात्रभर लांबून गण, गवळण ऐकायची. तिला बतावणीतले शब्द पाठ होते, आणि सोंगाड्या दिसतो कसा ते तिनं कधी बघितलं नाही. ती तर डोळस होती.

वारज्याची_सून, तुमच्या सासूबाईंना एकदा विचारा. सरळ "लावणीला येता का" असं विचारलंत तर नाही म्हणतील. "यात्रेत ढोलकी ऐकू यायची का हो?" असं विचारा. आणि महिलांसाठीच्या खास प्रयोगाला न्या. तिथे बायका मोकळेपणानं टाळ्या-शिट्ट्या मारतात, पण त्या आपल्याच असतात.

पांढरी_काठी:

मी जन्मापासून अंध आहे आणि वीसेक वर्षं नाटकं ऐकतो. पुण्यातली बहुतेक नाट्यगृहं पायाखालची आहेत. काही गोष्टी अनुभवातून.

कानात सांगणं बंद करा. त्यामुळे शेजारच्याला त्रास होतो हे खरं, पण जास्त त्रास मलाच होतो, कारण तुमच्या कुजबुजीखाली पुढचं वाक्य बुडतं. माझी बहीण आणि मी हातावर खुणा ठरवल्यात. तळहातावर एक टिचकी म्हणजे नवीन माणूस आला. दोन म्हणजे कोणी गेलं. मनगट दाबलं की काही न बोलता घडतंय, थांब. एवढ्या तीन खुणांवर आम्ही मोठमोठी नाटकं पार केलीत. बाकीचं मध्यंतरात विचारतो. भिंतीचा रंग, साडीचा काठ मला प्रयोग चालू असताना नको असतो. कोण आहे आणि कुठे आहे, बस.

अर्धा तास आधी पोहोचा. गर्दी व्हायच्या आत खुर्ची गाठली की त्या हॉलचा आकार मला कळतो, रिकामा असताना तो वेगळा बोलतो, भरत गेला की मऊ होतो. त्या वेळात सेटबद्दल सांगा : दार कुठे, जिना आहे का, टेलिफोन कुठल्या बाजूला. तिसऱ्या घंटेनंतर मला काही लागत नाही.

फूटमाइक यांच्याशी एका बाबतीत माझं पटत नाही. मी पहिल्या किंवा दुसऱ्या रांगेतच बसतो. आवाजाचा तोल बिघडतो हे मान्य, पण पदराची सळसळ, नटाचं गिळणं, पायऱ्या चढताना लागलेला दम हे सहाव्या रांगेत येत नाही. मला तोल नको, जवळीक हवी. तुमच्या सासूबाईंची नजर उतारवयात गेलीय, त्यांना कदाचित उलटं वाटेल. दोन्हीकडे बसवून त्यांनाच ठरवू द्या.

आणि व्यवस्थापकांना आधी सांगून ठेवलं तर प्रयोगानंतर कलाकार भेटतात. मी विंगेत जाऊन प्रत्येकाला नुसतं "नमस्कार" म्हणायला लावतो, म्हणजे कोणता आवाज कोणाचा ते पक्कं होतं. काही वेळा सेटलाही हात लावू देतात. मी ज्याला सागवानी दरवाजा समजत होतो तो कापड ताणलेला निघाला होता. तरी पुढच्या वेळी ऐकताना तो सागवानीच वाटला.

घरी जाऊ म्हणाल्या ते नाटक नको म्हणून नसणार. तुम्हाला बोलणी खावी लागली, ते त्यांना लागलं असणार. तो विषय त्यांच्याशी बोला.

वारज्याची_सून:

तुम्हा सगळ्यांचं मी किती वेळा वाचलं ते सांगता येणार नाही. यांनाही वाचून दाखवलं. पांढरी_काठी दादा, तुम्ही लिहिलंत तेच होतं. आई म्हणाल्या, "माझ्यापायी तुला कोणी बोललेलं मला खपत नाही." खुणांचं सांगितलं तर लगेच हात पुढे केला आणि म्हणाल्या, "शिकव."

जुन्नरी_माळ ताई, तुमचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. त्या बराच वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, वारा आमच्या वस्तीकडून असला की नाही ऐकू यायची, यात्रेकडून असला की यायची. एकदा नऊ-दहा वर्षांच्या असताना ढोलकीच्या ओढीनं ओढ्यापर्यंत एकट्याच गेल्या होत्या आणि भावानं कान धरून परत आणलं.

काल महिलांच्या खास प्रयोगाला गेलो. वादक बसतात हे फोनवर आधी विचारून घेतलं. सातव्या रांगेतली कडेची खुर्ची मिळाली. ढोलकीवर पहिली थाप पडली आणि आईंनी माझा हात सोडला. खुणा करायला हातच उरला नाही, दोन्ही हात त्यांच्या मांडीवर ठेका धरून! तिसऱ्या लावणीला मला म्हणाल्या, "ही दुसरी पोरगी जड अंगाची हाय, पर ठेका पक्का. पहिली घाई करती." मी बघितलं तर खरंच तसं होतं. आसपासच्या बायकांनी ऐकलं आणि कोणी रागावलं नाही. पुढच्या रांगेतल्या एक आजी तर वळून म्हणाल्या, "बरोबर बोलल्या." मध्यंतरात वडा खाताना दोघींची ओळख निघाली, त्या मंचरच्या.

बालनाट्य पुढच्या रविवारी आहे. मुलगी घरात सगळ्या गोष्टी आजीला डोळे मिटून घ्यायला लावून सांगतेय. संगीत नाटकाचीही तारीख लागलीय, मेच्या तिसऱ्या आठवड्यात. फूटमाइक दादा, ऑर्गन कुठल्या बाजूला असतो? आईंना त्या बाजूला बसायचंय. आणि पेठेतले काका, चित्रांचा प्रश्न विचारला त्यांना. म्हणाल्या, "गाताना जो असल तो खरा."

पेठेतला_श्रोता:

ताई, लावणीबद्दलचे माझे शब्द मी मागे घेतो. आणि सासूबाईंचं उत्तर वडिलांना ऐकवता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

फूटमाइक:

ऑर्गन आणि तबला बहुतेक वेळा रंगमंचापुढे दोन बाजूंना समोरासमोर बसतात, पण कोण कुठे ते त्या मंडळीवर असतं. ऑर्गनवाले ओळखीचे आहेत, उद्या विचारून लिहितो. त्या तारखेला टेबलावर मीच आहे. तिसऱ्या घंटेच्या वीस मिनिटं आधी आईंना घेऊन मागे माझ्याकडे या. माझे हेडफोन त्यांच्या कानाला लावतो आणि एकेक माइक उघडून दाखवतो : आधी ऑर्गन, मग तबला, मग विंगेजवळचा. तिथे नांदीच्या आधी नट गळा साफ करत असतात.